तिसरी खुंटी

भिंतीला खुंट्या तीन. बंदुका दोन.
तिसरीवर छत्री आहे,
काडी मोडलेली, नळीइतकीच काळी.
दहा वर्षं मी त्या छत्रीकडे बघत जेवतोय.

पहिली दुनाळी, बाराबोर, आजोबांची.
दस्त्याला चीर, चिरीवर तांब्याची तार,
नवेगावच्या वाढयानं आवळून दिलेली.
खांद्याला लावली की तार गालाला गार लागते.
उजवी नळी ऐकते.
डावी तिच्या मर्जीनं.

दुसरी तीनशे पंधरा, सरकारी कारखान्यातली,
जड, इमानी, बोलायला रुक्ष.
धानात घुसणाऱ्या डुकरांसाठी
वनखात्याच्या कागदासकट काढायची.
तिनं सात पाडली.
आठवं जखमी होऊन नाल्यात उतरलं,
ते मी मोजत नाही.
मोजतो.

यंदा धानाचे चुकारे वेळेत आले.
नागपूरच्या दुकानदारानं पाठवलेलं चोपडं
आठ दिवस खाटेवर उघडं आहे.
गुळगुळीत पानं, बोटाचा तेलकट ठसा उठतो.
पान अकरा: पॉइंट टू-टू, काडीसारखी हलकी,
डुकराला नुसती गुदगुल्या करेल.
पान चौदा: थर्टी-ओ-सिक्स, अक्रोडाचा दस्ता,
वर दुर्बीण, खटका असा
की चित्रातूनही ऐकू यावा.
पान चौदाचा कोपरा मी दुमडतो, उलगडतो,
बायको म्हणते, पोरीच्या स्थळाचा फोटो
इतक्या वेळा नाही पाहिला तुम्ही.

ठाण्यात गेलो तर डोंगरवार मुनशी
चष्म्यावरून बघत म्हणाला,
'कायदा बदलला जी. एका मानसाले दोनच.
तिसरी पाह्यजे तं एक सोडा.'
निवडणुकीत दोन्ही जमा करायचो त्याच्याकडे,
पावती घेऊन रिकाम्या हातांनी परतायचो,
खुंट्या ओक्या दिसायच्या,
पण ते परत येण्यासाठीचं जाणं होतं.

म्हणजे घ्यायची कुठली, हा प्रश्नच नव्हता.

संध्याकाळी बिसन कुमरे आला,
उंबऱ्यावर टेकून खर्रा घोटत बसला.
त्याचा बाप माझ्या आजोबांपुढे चालायचा,
तो माझ्यापुढे चालतो.
चोपडं त्यानं सावकाश चाळलं,
पान चौदावर अंगठा ठेवला.
'दुर्बीन बरी हाय.
पर रातच्याले डुक्कर का फोटू काहाडाले उभा राह्यते जी?
तुमी टार्च घ्या.
मांगच्या खेपी सेल मेले,
मंग आपन दोघंबी आंधरे.'

मागची खेप. तीच, आठव्याची.
पहाटे तो एकटाच नाल्यात उतरला होता,
दुपार टळून गेल्यावर आला, हात धुतले,
मी विचारलं नव्हतं.
तीन वर्षांनी विचारलं.

खर्रा गालात सरकवून तो बाहेर बघत राहिला.
'होता ना. लव्हाऱ्यात पडला होता, पान्यात अर्दा.
जित्ता होता.
कुऱ्हाड नेली होती, पर हात उचलला नाई.
बसलो मंग.
एकट्यालेच मरू देवाचं नाई, बाप मनत जाय.'
थोडं थांबून, दार सोडून जाताना जसं बोलतात तसं:
'नवी घेता तं अशी घ्या,
का एकाच बारात होऊन जाइन.'

रात्री दोन्ही उतरवून पुसल्या.
फलाणीचा तुकडा, तेल, सळई.
तीनशे पंधराच्या नळीतून दिव्याकडे पाहिलं,
आत गोल गोल पिळे, दूरवर एक थेंब उजेड.
दुनाळीच्या तारेत फलाणीचा धागा अडकला,
तो सोडवता सोडवता अकरा वाजले.
अर्जात एक रकाना आहे, शस्त्र परत करण्याचं कारण,
बोटभर जागा.
तो अजून कोरा आहे.

बाजाराच्या दिवशी साकोलीहून टॉर्च आणली,
पाच सेलची.
त्याच रात्री नाल्यापर्यंत जाऊन आलो, नुसती टॉर्च घेऊन.
काठावरून उजेड टाकला.
लव्हाळं.
पाणी.
एक बेडूक, डोळे मिटत नसलेला.
बराच वेळ धरून ठेवला उजेड,
मग बटण दाबलं, आणि अंधारात
वाट पायांनी शोधत घरी आलो.